साळूचा पायगुण

माझं नाव दगा. आमच्या खानदेशात हे नाव सर्रास ठेवतात. आधीची लेकरं जगली नाहीत म्हणून आईनं माझं नाव दगड ठेवलं, ते तोंडातोंडी झिजून दगा झालं. तिला काय माहीत, पोरगं पुढं घोड्यांची दलाली करणार आहे. नाशिक-पुण्याकडचं गिऱ्हाईक यायचं, विचारायचं, "मधला माणूस कोण?" कोणीतरी सांगायचं, "दगा." गिऱ्हाईक आधी पाकीट चाचपायचं, मग घोड्याकडं बघायचं. पण या नावानं माझा तोटा कधी झाला नाही. नावातच इशारा दिलेला असल्यावर मागून कोणी बोंबलत येत नाही.

आता मी धुळ्याला देवपुरात मुलीकडं राहतो. या अंकाचे संपादक जावयाच्या ओळखीचे. घरी आले, चहा प्याले, म्हणाले, "नाना, घोड्यांच्या बाजारातलं काहीतरी लिहा. तुमच्यासारखी माणसं आता उरलीत किती?" मी म्हटलं, "घोडे उरले नाहीत म्हणून दलाल उरले नाहीत. आम्हांला कोणी मारलेलं नाही." तरी लिहायला बसलो. शिक्षण चौथी. पण दुसऱ्या मजल्यावर दुपार जाता जात नाही, हे खरं कारण.

घोड्याचा दलाल करतो काय, ते आधी सांगतो. घोडा त्याचा नसतो आणि पैसाही त्याचा नसतो. त्याचं असतं फक्त तोंड. विकणाऱ्यापुढं घेणारा आणून उभा करायचा, घेणाऱ्याला घोड्याचं वय, चाल, खानदान समजावून द्यायचं, आणि दोघांचे हात रुमालाखाली घालून द्यायचे. आमच्याकडं भाव तोंडानं बोलत नाहीत. हातावर रुमाल टाकायचा आणि बोटं दाबून बोलायचं, म्हणजे शेजारच्या दावणीला कळत नाही. वर दोघंही आभाळाकडं बघत असतात, जसं काही पावसाबद्दल बोलणं चाललंय.

आणि दोष सांगायची एक रीत असते. खोड लपवतो तो दलाल कच्चा. मुरलेला दलाल एखादी बारीक खोड आपणहून सांगून टाकतो. "घोडा सोन्यासारखा आहे शेठ, फक्त पाण्यात पाय टाकताना जरा कुरकुरतो." शेठला वाटतं, काय खरा माणूस! त्या बारीक खोडीच्या आड मोठी खोड आरामात निजलेली असते. हे बाहेरच्याला कळत नाही, पण बाजारातल्या लोकांना पक्कं माहीत असतं. म्हणून आमच्यात दलालानं एक दोष बोलला की ऐकणारा मनात दोन-तीन धरतो.

माझ्या हातून गेलेल्या घोड्यांपैकी एकाचं सांगतो, म्हणजे माझी लायकी कळेल. एका पुढाऱ्याला मिरवणुकीसाठी पांढरा घोडा पाहिजे होता. "शांत पाहिजे नाना, मला पडायचं नाही." मी त्याला शांत घोडा दिला. खोटं नव्हतं ते. फक्त तो घोडा सारी हयात टांग्याला जुंपलेला होता, एवढं सांगायचं मी विसरलो. टांग्याच्या घोड्याला एकच शिकवण: रस्त्यावर कोणी हात वर केला की थांबायचं. मिरवणूक निघाली. पुढारी लोकांना हात हलवतोय, लोकही त्याला हात हलवतायत, आणि घोडा प्रत्येक हातापुढं थांबतोय. पुढच्या चौकात पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. मी मागच्या गल्लीतून पळून जायच्या तयारीत होतो. पण संध्याकाळी त्यानं माणूस पाठवून मला बोलावलं आणि पाठीवर थाप मारली. लोक म्हणाले, साहेब एकेका माणसासाठी थांबले! अशी माझी हुशारी. फळ लागलं तर माझं, नाही लागलं तर घोड्याचं.

तर अशा माणसाच्या घरात साळू जन्मली.

साळूची आई काठेवाडी, चांगल्या घराण्यातली. मी स्वतःसाठी म्हणून घेतलेलं तेवढंच एक जनावर. बाप शिरपूरकडच्या एका नामी तबेल्यातला. पण शिंगरू झालं आणि काही दिवसांतच आईला पोटशूळ उठला. वैद्य झाले, डॉक्टर झाले, ती गेली. मागं राहिलं नुसतं काटक्यांसारख्या पायांचं लेकरू. मी नेहमीप्रमाणं बोलायला लागलो, "वाचेल, वाचेल, रक्त भारी आहे." आमची बायको, कमल, तिनं मला मध्येच तोडलं.

"बजारमा काय बी सांगा. माले खरं सांगा. वाची का ही?"

मी म्हटलं, "अवघड शे."

तिनं पदर खोचला आणि शेजारून शेळीचं दूध आणलं. बाटलीनं, चमच्यानं, बोटानं, जसं घेईल तसं पाजलं. शिंगरू तिच्या मागं मागं चुलीपर्यंत जायचं. सारखं चिवचिवल्यासारखं करायचं म्हणून तिनं नाव ठेवलं साळुंकी, त्याचं झालं साळू. घोडी इतकी गरीब झाली ती त्यामुळं. तिला वाटायचं, माणूस म्हणजे दूध.

रंगानं कुमेत, म्हणजे गडद तांबूस, आयाळ आणि शेपूट काळी. पण खरी गोष्ट तिची चाल. साधा घोडा दुडकी धरतो तेव्हा वरचा माणूस धोपटल्यासारखा वरखाली आपटतो. काही खानदानी घोड्यांना जन्मतःच दुसरी चाल असते, तिला आम्ही रवाल म्हणतो. त्यात घोडा चारही पाय एकामागून एक वेगवेगळे टाकतो, एक पाय कायम जमिनीवर असतो, म्हणून पाठ हलत नाही. खाली घोडा पळतोय आणि वर माणूस पलंगावर बसलाय. ही चाल शिकवून आणता येते, पण शिकवलेली चाल घोडा दमला की विसरतो. साळूला ती कोणी शिकवली नव्हती.

पहिल्यांदा मी तिच्यावर बसलो तेव्हा जुन्या रीतीप्रमाणं हातात ताकानं काठोकाठ भरलेला पेला घेतला. गावाबाहेर जाऊन आलो. एक थेंब सांडला नाही. मी छाती काढून ओट्यापुढं आलो. कमल ज्वारी पाखडत होती. ती म्हणाली, "ताक सांडनं नही, पन उतरताना तुम्हीच सांडाई जाशात. सांभाळीसन." आणि तसंच झालं.

गेल्या पौषात कमल गेली. पोटाचं दुखणं होतं, धुळ्याच्या दवाखान्यात होती, मुलगी सुनंदा शेवटपर्यंत जवळ होती. त्यावर मला जास्त लिहिता येत नाही. घरात मी आणि साळू राहिलो. माझा खुबा दुखतो, वाकता येत नाही, खरारा करताना माझ्याऐवजी घोडीच अंग फिरवून द्यायची. सुनंदा दर रविवारी यायची आणि तेच म्हणायची, "नाना, देवपूरला चला. तुम्ही धड जेवत नाहीत. तुमचा शर्ट तुमच्या अंगावर टांगल्यासारखा दिसतो."

"आणि साळू?"

"साळूला चांगलं घर पाहा. तुम्ही जन्मभर तेच केलं ना?"

बरोबर होतं. मी म्हटलं, बस, सहज विकतो. जन्मभर लंगडे, आंधळे, चावरे खपवले. हिला तर विकायला तोंडसुद्धा उघडायला नको. दात कोवळे, खानदान चोख, चाल जन्माची, स्वभाव गायीचा.

पहिलं गिऱ्हाईक जळगावचा बँडवाला. लग्नाच्या वरातीसाठी घोडी पाहिजे होती, डीजेपुढं नाचवायला. त्यानं साळूभोवती एक फेरी मारली आणि त्याचे डोळेच लकाकले. माझ्या मनात ते डीजेचे दणके आणि फटाके उभे राहिले. मी म्हटलं, "शेठ, सगळं चांगलं आहे. पण हिला आवाज सहन होत नाही. बिथरते."

बोलायला आणि गल्लीतून ट्रॅक्टर जायला एकच गाठ पडली. त्यावर लावलेला कर्णा असा, की माझे दात हलले. साळू कडबा खात होती. तिनं कानसुद्धा हलवला नाही.

बँडवाला माझ्याकडं बघायला लागला. "नाना, ही तर काहीच करत नाही."

"बहिरी आहे," मी म्हटलं.

"आत्ता म्हणालात आवाजाला बिथरते."

"बहिरी झाली त्याच्या आधी बिथरायची."

तो गेला. मी स्वतःला समजावलं, बँडवाल्याला द्यायची नव्हतीच, चांगलं झालं. मग एक पोरगा आला, जळगावचाच, डोळ्यांवर काळा चष्मा. बापाचं मोठं दुकान. त्याला घोडीवर बसून रील बनवायचे होते. मी सांगितलं, "चावते." साळूनं मान लांब करून त्याच्या हाताचा घाम चाटला. तो खूश. "नाना, ही तर चाटते!"

"चावायच्या आधी असंच करते," मी म्हटलं. "जागा बघते."

तोही गेला. सुनंदाचा फोन यायचा, "विकली का?" मी म्हणायचो, "बाजार थंड आहे." खरं म्हणजे बाजार माझ्या दारात रांग लावून होता. मी आयुष्यभर दोष असलेल्या घोड्याचे दोष झाकले, आणि आता निर्दोष घोडीला दोष चिकटवत बसलो होतो. आणि चिकटवायचं काम मला येत नव्हतं. झाकण्यात हात बसलेला माणूस.

मग आला अमळनेरचा एक व्यापारी. तो कच्चा नव्हता. घोडे घेतो, महिनाभरात पुढं राजस्थानात नाहीतर कुठं विकतो. जनावर कुठं जाईल त्याचा त्यालाही पत्ता नसतो. आमच्या गावाला अमळनेरचाच बाजार; तिथल्या चहाच्या टपरीवर त्यानं मला गाठलं. दलाल मंडळी तिथंच बसलेली असते. तो म्हणाला, "नाना, घोडी घेतो."

मी म्हटलं, "लाथ मारते."

"चालेल."

"चावते."

"चालेल."

"बहिरी आहे."

"मला काय तिला गाणं शिकवायचंय? रुमाल काढा."

माझ्याकडं दुसरं काही शिल्लक नव्हतं. रुमाल त्यानंच काढला, माझा हात ओढून घेतला. माझ्या तोंडातून निघून गेलं, "पायगुण वाईट आहे तिचा. घरात आली आणि मालकीण गेली."

त्यानं हात रुमालातून असा काढून घेतला, जसा तव्याला लागला. खोडीला व्यापारी भीत नाही. पायगुणाला सगळे भितात. त्याची बायको घरी होती. तो चहा अर्धा ठेवून गेला. आणि मला वाटलं, मी जिंकलो. त्या दिवशी घरी येताना मी साळूसाठी गूळ घेतला, एवढा मी खूश होतो.

दलालाच्या तोंडचा एक दोष ऐकणारा तीन धरतो, हे मी वर लिहिलंय. चारच दिवसांत गावात झालं, दगानाना स्वतः कबूल करतोय एक गेली, म्हणजे आणखीही कोणी गेली असणार. साळूच्या आईचं मरण त्यात जोडलं गेलं. बाया गल्लीतून जाताना आमच्या दारापुढं पदर ओढून भरभर चालायला लागल्या. शेजारची नवी सून शेळीचं दूध द्यायला यायची, तिला सासूनं बंद केलं.

नाल ठोकायला गफूरभाई आला. धुळ्याहून येतो, आमची जुनी मैत्री. साळूचा खूर मांडीवर घेऊन बसला आणि मान खाली घालूनच म्हणाला, "नाना, बाजारात काय ऐकतो मी? भाभींना पोटाचा आजार होता. मीच गाडी आणली होती ना?"

मी म्हटलं, "गिऱ्हाईक घालवायला बोललो."

"भाभींनी हिला बाटलीनं पाजलं. दोघींचं नाव खराब केलं तुम्ही, एका दमात." मग खिळे तोंडात धरले आणि नाल ठोकायला लागला. माझ्याकडून चहाही घेतला नाही.

रविवारी सुनंदा आली ती चपला न काढता ओट्यावर उभी राहिली. "आई कशानं गेली ते मला माहीत आहे. मी तिथं होते. तुम्ही टपरीवर काय सांगत फिरता?"

"अगं, विकवत नव्हती, म्हणून..."

"मग तसं म्हणायचं! 'विकवत नाही' एवढं म्हणता येत नाही? आईला मध्ये कशाला आणलं?"

जो माणूस तोंडावर जगला, त्याला ते दोन शब्द आले नाहीत.

मग खरी पंचाईत सुरू झाली. गिऱ्हाईक यायचं बंद झालं. मी फुकट देतो म्हटलं, तरी लोक हात जोडायचे. सुनंदानं घर आवरायला घेतलं होतं, कुलूप लावायचा दिवस जवळ येत होता, आणि दारात अशी घोडी उभी, जिच्यासारखी मी सबंध जन्मात दलालीत धरली नाही, आणि तिला कोणी दावणीला बांधायला तयार नव्हतं. ते माझ्या एका वाक्यानं झालं होतं. रात्री... नको. तेवढं पुरे.

अशात एक दिवस दारात पिकअप थांबली. चालकाच्या शेजारून एक म्हातारी उतरली. नऊवारी, पायात पुरुषी बूट, एक हात कमरेवर. रावेरकडची मंजुळाअक्का. केळीचं मोठं वावर, मुलगा परगावी, सगळा कारभार हिच्याकडं. तिकडची बोली आमच्याहून निराळी, केळीला केयी म्हणतात आणि घोडीला घोळी.

अक्का म्हणाली, "दगाभाऊ तुम्हीच का? मह्या कमरेचे मनके गेले. फटफटीवर बसू नोको म्हने डाक्टर. जीप बांधावर जात नाही. मले केयीत रोज फिराव लागते. कोनी सांगलं, अमळनेरकडे एक घोळी आहे, तिची पाठ हालत नाही."

मी म्हटलं, "आहे. पण बाकीचं ऐकलं नाही का?"

"आयकलं ना. बहिरी आहे, आवाजाले बिथरते, चावते, लाथा मारते, अन् बायको खाते." तिनं साळूकडं निरखून बघितलं. साळू तिच्या पदराला नाक लावून हुंगत होती. "येवळे दोष एका घोळीत मावत नाही, भाऊ. म्हनून म्हटलं, मानूस पाहून यावं."

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं. मी म्हटलं, "अक्का, पायगुणाची भीती नाही वाटत?"

"मह्या नवऱ्याले जाऊन लय वर्सं झाले. आता हे कोनाले खाईन? मले? मले खाऊन तिचंच पोट दुखीन." मग ती ओट्यावर बसली आणि तिचा आवाज बदलला. "मी लगन होऊन आली, अन् दुसऱ्याच हप्त्यात सासऱ्याचा बैल मेला. सासू मरेपर्यंत म्हने, हिच्या पायानं बैल गेला. मी तोंड उघडू शकली नाही. या घोळीले तं तोंडच नाही. ते खोटं तुम्ही कुठी बोलले?"

"अमळनेरला, टपरीवर."

"मंग तठी जा, अन् तोंडानं परत घ्या. तवा मी घेईन. न्हाई तं नाही."

मी म्हटलं, "इथं तुमच्यापुढं घेतो ना."

"मह्यापुढं कसाले? मी कुठी आयकलं होतं?"

माझी अडचण समजून घ्या. टपरीवर बसतात ते सगळे दलाल. त्यांच्यापुढं मी जन्मभर शहाणा म्हणून बसलो. तिथं जाऊन म्हणायचं, मी माझ्याच घोडीबद्दल खोटं बोललो, का तर मला ती विकवत नव्हती! हे म्हणजे वकिलानं कोर्टात रडण्यासारखं. पण अक्का उठली, गाडीत बसली आणि चालकाला म्हणाली, "चाल रे, अमळनेर." साळूला मी मागं चढवलं.

टपरीवर नेहमीची मंडळी होती. मी साळूला खाली उतरवलं आणि दोरी धरून उभा राहिलो. अक्का कमरेवर हात ठेवून बाजूला. मी म्हटलं, "ऐका रे. मागं मी इथं या घोडीच्या पायगुणाचं बोललो. ते खोटं होतं. आमची कमल आजारानं गेली. या घोडीला तिनंच वाढवलं. घोडीत काही खोड नाही, एकही नाही. मला विकवत नव्हती, म्हणून मी..." डोळ्यांना रुमाल लावला. तोच रुमाल, सौद्याचा.

मग भिका दलाल उठला, त्यानं टाळीच वाजवली. "नाना, मानं तुमले! रडीसन सौदा! हाई आमले कधी सुचनं नही."

सगळी टपरी हसली. "बाई साक्षीले बी आणी!" दुसरा ओरडला. "रुमाल बी वल्ला करा!"

आयुष्यात पहिल्यांदा बाजारात उभा राहून सरळ खरं बोललो, आणि तेच माझं सगळ्यात पक्कं खोटं ठरलं. दोष कोणाचा? मीच त्यांना इतकी वर्षं शिकवलेलं. मी अक्काकडं बघितलं. म्हटलं, आता ही पण जाणार.

अक्कानं टपरीचा बाक ओढला, त्यावर चढली आणि चालकाच्या आधारानं साळूवर बसली. दोरी माझ्या हातातून काढून घेतली, घोडी वळवली आणि बाजाराच्या रस्त्याला लागली. साळूनं रवाल धरली. तेवढ्यात अक्काचा मोबाइल वाजला. तिनं चालत्या घोडीवर तो कानाला लावला आणि कोणालातरी झापायला सुरुवात केली. "अरे, ट्रक भरला का न्हाई? घड घासले तं याद राख!" शिव्या दिल्या, हिशेब विचारला, परत शिव्या दिल्या. लांब जाऊन वळून आली, बोलणं चालूच. घोडी पळतेय आणि बाईच्या आवाजाला एक हिसका नाही. टपरीवरचं हसणं आपोआप थांबलं. भिकाच्या हातातला चहा तसाच राहिला. तो हळूच म्हणाला, "नाना, खरंच खोड नही का?"

मी म्हटलं, "एक शे. कोनाबी संगे चालनी जास."

अक्का बाईमाणूस, रुमालाखाली हात कसा घालणार? ती म्हणाली, "तोंडानं सांगा." बाजारात भाव तोंडानं सांगायची माझी ती पहिली वेळ. सांगितला. तिनं मान हलवली. झालं.

पण मी दलाल. एक बोली घातलीच. आमच्यात जुनी रीत आहे, नव्या ठाणावर, म्हणजे नव्या दावणीला, जनावरानं चारा धरला नाही, तर विकणाऱ्यानं ते परत न्यायचं. मी म्हटलं, "अक्का, ही हातची वाढलेली. दुसऱ्याच्या दावणीला खाणार नाही. नाही खाल्लं, तर मी परत आणीन." हे बोलताना माझ्या मनात काय होतं, ते तुम्हांला कळलंच असेल. तिलाही कळलं असणार. ती "बरं" म्हणाली.

पिकअपच्या मागं फळी लावली. मी पुढं चढलो, साळू माझ्यामागून आली. मी मनात म्हणत होतो, अड. एकदा तरी अड. जन्मभर अडेल घोडे लोकांच्या गळ्यात मारले, तू एक पाय तरी मागं घे. ती एखाद्या शाळेतल्या पोरीसारखी येऊन उभी राहिली. दोरी बांधली, गाठ तपासली, परत तपासली. खाली उतरायची वेळ आली आणि मी काही उतरलो नाही.

अक्का म्हणाली, "भाऊ, उतरा आता."

मी साळूची आयाळ धरून उभा.

"मी घोळी घेतली हो. मालक नाही घेतला."

टपरीवाले परत हसायला लागले. अडेल जनावर गाडीत होतं, फक्त ते घोडी नव्हतं. शेवटी अक्कानं चालकाला खूण केली, "ऱ्हाऊ दे. चारा धरते का न्हाई, पाहू दे त्यांच्या डोयानं. उद्या एस्टीत बसवून देऊ." मी सुनंदाला फोन करून सांगितलं, रावेरला चाललोय. तिनं विचारलं, "कशात?" मी म्हटलं, "घोडीसोबत." फोन ठेवताना ती हसल्यासारखी वाटली.

रावेरपर्यंत खड्ड्यांत मी चेंडूसारखा इकडून तिकडं आदळलो. साळूनं पाय रोवून मला अंगानं टेकू दिला.

अक्काचा गोठा वावराच्या कडेला, पलीकडं केळीच केळी. साळूला दावणीला बांधलं. गड्यानं पुढं हिरवा चारा टाकला. मी लांब भिंतीला टेकून बघत होतो. साळूनं चारा हुंगला. मान वर केली, इकडं तिकडं बघितलं. नाही खाणार, म्हटलं. कमलच्या हातची आहे. मी परत कसं न्यायचं, कुठली गाडी करायची, सुनंदाला काय सांगायचं, सगळं ठरवायला लागलो.

साळूनं तोंड खाली घातलं आणि खायला लागली. भुकेलेलं जनावर खातं तसं, कराकरा.

अक्का माझ्यापुढं ताट घेऊन आली. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, कांद्याची पात. मी म्हटलं, "नको अक्का, भूक नाही."

"तुमच्या शर्टावरून दिसते कवाची नाही ते," ती म्हणाली आणि ताट माझ्यापुढं ठेवलं. "बोली काय झाली? नव्या ठायी ज्यानं चारा नाही धरला, तो परत. घोळीनं तं धरला. आता तुमचं सांगा."

मी भाकरी मोडली. साळूनं खाताना मान वर केली नाही. मीही केली नाही.